बाणाचं नाव

टोर्सहाउनच्या टोकाला, खडक जिथं समुद्रात शिरतो,
तिथं गवताच्या छपराखाली सरकार बसतं.
लाल फळ्या, काळं डांबर, आणि आत
एकशे बेचाळीस प्रणाल्या.
त्यांतल्या सतरा कोणाच्या, कोणालाच ठाऊक नाही.

मी क्लाक्सविकचा, शिकलो डेन्मार्कला.
येताना चौकट बरोबर आणली होती, चार थरांची:
कामकाज, माहिती, सॉफ्टवेअर, यंत्रं.
एकावर एक, इथल्या छपरासारखे, म्हटलं मी,
फळी, बर्चची साल, माती, गवत.
समिती हसली. खर्च मंजूर झाला.

दोन चित्रं काढायची होती:
‘आहे तसं’ आणि ‘व्हावं तसं’.
दुसरं नेहमीच सोपं असतं.

पहिल्यातच सहा आठवडे गेले.
कर, मासेमारीचे परवाने, बोगद्याचा टोल,
मेंढ्यांची मोजदाद, तीही दोन ठिकाणी, दोन वेगळ्या बेरजांची.
आणि कोपऱ्यात मृत्यूंची नोंद,
तिच्या शेजारी पेन्शन,
मध्ये एक बाण.

माहिती जात होती, एवढं खरं.
दर शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास.
पण ना फाइल, ना केबल, ना कोडची एखादी ओळ.
हेर्गेइर म्हणाला, लॉग बघ.
लॉगमध्ये एवढंच सापडलं
की जुलैत तीन आठवडे बाण बंद असतो.
यंत्रं सुट्टीवर जात नाहीत.

तळमजल्यावर, स्कॅनरच्या मागच्या खोलीत,
रान्वा बसते.
डाव्या पडद्यावर वाचते, उजव्यावर टाइप करते,
एकतीस वर्षं.
विचारलं, या दोन प्रणाल्यांमधला इंटरफेस कोणता?
‘मीच असेन,’ म्हणाली,
आणि किटलीत पाणी ओतलं.

मग कळलं, घोडं कुठं पेंड खातं ते.
नाव आलं की ती लगेच टाइप करत नाही.
आधी फोन करते.
‘सांदोयच्या म्हातारीला पत्रातून कळायला नको
की नवऱ्याच्या नावापुढं शून्य पडलं.
मेंढ्या कोण बघतंय, ते विचारते.
मग पुढच्या महिन्यापासून किती येतील, ते.
कोणी रडतं. कोणी आकडा दोनदा विचारून घेतं.
एकदा तर मेलेल्यानंच फोन उचलला.
दवाखान्यानं एक अंक चुकवला होता.
म्हटलं, माफ करा, चुकून लागला,
आणि ती ओळ परत पाठवून दिली.’

माझ्या तक्त्यात रकाने ठरलेले होते.
घटकाचं नाव: रान्वा.
आवृत्ती: एकतीस.
सेवा समाप्ती: ऑक्टोबर.
वाचलं, लाज वाटली, खोडलं.
मग पुन्हा भरलं,
कारण रकाना रिकामा ठेवून तक्ता जमा होत नाही.

‘व्हावं तसं’मध्ये बाण सरळ आहे.
एका सेकंदात पोचतो.
मी हट्टानं एक नियम घातला:
नाव आल्यावर एक दिवस थांबावं.
समितीनं विचारलं, थांबून काय करावं?
उत्तर सुचलं नाही. ‘तांत्रिक कारण,’ लिहिलं.
तेवढ्यानं भागलं. सरकारी कागदाला
कारणाचा शब्द लागतो, कारण लागत नाही.

नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार. वारा असा
की गवताचं छप्पर मेंढीसारखं अंग झाडत होतं.
कशासाठी तरी तळमजल्यावर गेलो.
पडद्यावर एकच नाव थांबलेलं, फुग्लोयचं,
उद्या दुपारपर्यंत थांबणारं.
किटली ती घेऊन गेली होती. टेलिफोन तिथंच.

नंबर फिरवला.
मेंढ्यांचं कसं विचारतात, मनात जुळवत होतो.
पलीकडं बराच वेळ वाजत राहिलं.
मग एका बाईचा आवाज, दमलेला, पण वाट पाहणारा:
‘हं, बोल गं रान्वा.’